साक्ष दिल्यावरची गोळी

बाळांनो, येशूचे चमत्कार विज्ञानात बसतात का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा मी टाळलं, आता लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चर्चमध्ये बाहेरून एक उपदेशक आले. माझ्या धाकट्या जावेच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिचा मधुमेह गेल्याचं जाहीर केलं. त्यांच्या स्वतःच्या नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा मात्र गेला नाही. मग आमच्यातलेच एक निवृत्त इंजिनिअर उठले. प्रार्थनेच्या कंपनांनी पेशी नव्या होतात, येशूने केलेला पाण्याचा द्राक्षारसही असाच झाला, हे त्यांनी फळ्यावर बाण काढून ‘सिद्ध’ केलं. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. नववीच्या पोराने हे लिहिलं असतं तर वही परत फेकली असती. चमत्कार मानायचा तर मुकाट्याने मानावा. त्याला विज्ञानाचा उसना कोट कशाला?

पुढच्या रविवारी जावेने मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, की प्रभूने मला बरं केलं. टाळ्या पडल्या.

महिन्याभराने ती लंगडत माझ्याकडे आली. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. मी माझ्या यंत्रावर तिची साखर तपासली. पावणेचारशे!

“गोळ्या?”

“बंद केल्यात.”

“कुणाला विचारून?”

“आक्का, चारचौघांत साक्ष दिलीया मी. आता गोळी गिळली तर देवाला खोटं पाडल्यागत हुईल की.”

“देवाचं देव बघेल. पाय तुझा कापतील.”

ती रडली. मग एका अटीवर डॉक्टरकडे यायला तयार झाली: गोळ्या माझ्याकडे राहतील आणि मी चर्चमध्ये अवाक्षर काढणार नाही.

तेव्हापासून ती रोज सकाळी ‘पेपर वाचायला’ येते. मी बिनसाखरेच्या चहाच्या बशीत गोळी ठेवते. ती खिडकीबाहेर बघत गिळते. जखम भरली.

परवा उपासनेनंतर इंजिनिअरसाहेब तिच्या पायाकडे बोट दाखवून सगळ्यांना म्हणाले, “बघा, कंपनं!”

जावेने घाबरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या पर्समध्ये तिचे सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले होते. मी पर्सची चेन ओढून बंद केली आणि तिचा हात धरून पायऱ्या उतरले. त्या माणसाला गप्प करायला मला एक मिनिट पुरलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती पेपर वाचायला आली नसती.