तीन डबे आणि एक किटली

दोन हजार आठच्या सुमारास मी मँचेस्टरजवळच्या एका विजेच्या मोटर बनवणाऱ्या कारखान्यात आमच्या लंडनच्या ऑफिसतर्फे गेले होते. चुंबकासाठी लागणारी पावडर उद्या यायची थांबली तर काय, हे तपासणं माझं काम. कागदावर तीन देशांतले तीन सप्लायर दिसले, म्हणून ‘लो रिस्क’ मी ट्रेनमध्येच लिहून टाकलं होतं.

स्टोअर सांभाळणाऱ्या बाई साठीच्या, मूळच्या ठाण्याच्या. माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून थेट मराठीत म्हणाल्या, “फॉर्म नंतर. आधी इकडे ये.”

त्यांनी किटली लावली, पण चहा केला नाही. त्या तीन सप्लायरच्या पावडरच्या तीन रिकाम्या डब्यांवरची लेबलं वाफेवर धरून नखाने अलगद सोलली. प्रत्येकाखाली आणखी एक लेबल होतं, आणि तिन्हींवर चीनमधल्या एकाच कारखान्याचं नाव.

“नळ तीन आहेत गं, टाकी एकच. वर्षभर बोंबलतेय मी!”

दारात उभ्या मॅनेजरने इंग्रजीत विचारलं, “हे रिपोर्टमध्ये कुणाच्या नावावर घालणार?”

“माझ्या,” बाई त्याच्याकडे बघत इंग्रजीतच म्हणाल्या. “स्पेलिंग सांगते, तिला नीट लिहून घेऊ दे.”

मी ‘लो’ खोडून ‘हाय’ केलं आणि खाली त्यांचं नाव लिहिलं.

लंडनला आमचे साहेब म्हणाले, “स्टोअरकीपरचं नाव कशाला? काढून टाक.”

मी काढलं नाही. त्याच्या शेजारी माझं लिहिलं आणि रिपोर्ट पाठवून दिला.