सुकरीबाईची माती

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे भामरागडच्या अलीकडच्या एका गावातलं कुडाचं प्रार्थनाघर आणि त्यात मावतील तेवढी माणसं. मी आठवडाभर आलापल्ली-भामरागड जीप चालवतो आणि रविवारी तिथे ढोलक वाजवतो. पाळकबाबा म्हणतात, मंडळीत साक्षी, म्हणजे प्रभूनं कुणासाठी काय केलं ते, साठल्या पाहिजेत. आमच्यात मेले किस्सेच साठतात! आणि हसत हसत सांगायला घेतलेला किस्सा शेवटी हसू देत नाही, त्याला मी काय करू?

*

गावातली पहिली विश्वासी सुकरीबाई. तिची लेकरं तापात एकामागून एक गेली. चैतू तेवढा उरला, तोही फणफणलेला. नवऱ्यानं त्याला खांद्यावर टाकून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं औषध दिलं, प्रार्थना केली, पोरगा वाचला.

परत येताना नवरा तिला म्हणाला, "औषधानं वाचला."

"औषध देणारी बाई कोणाच्या सांगण्यानं लोकाच्या पोराले जपून राह्यली, ते मले पाहा लागन!"

तिनं पाहिलं आणि येशूला धरलं. नवरा शेवटपर्यंत आपल्या कुळाच्या देवाचाच राहिला. यावरून दोघांत कधी भांडण नाही. गावाच्या मसणवटीत त्याला माती दिली, दगड उभा केला. "तो त्याच्या देवाचा, मी माझ्या. पण निजीन त्याच्याच बाजूले," एवढंच तिचं मागणं.

*

नवऱ्याचं मन दुखेल म्हणून तो असेतोवर तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. म्हातारपणी घेतला, तोही भर थंडीत, नदीत. पाळकबाबा चंद्रपूरचे, वचन वाचायला लागले की थांबायचं नाव नाही. सुकरीबाई कमरेएवढ्या पाण्यात कुडकुडत उभी.

"बाबाजी, बुडवाचं असन त लवकर बुडवा! नाईतर आजच पोचतो मी प्रभूकडे!"

आम्ही पोट धरून हसलो. काठावर गावातले लोक उभे होते, ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर तिचा हंडा कुणीतरी उचलून लांब ठेवला. ती हंडा घेऊन सरळ नदीकडे निघाली.

"आता नदी बंद करा म्हणा!"

त्या वयात रोज नदीवरून पाणी. मला आजही संताप येतो.

*

चैतू कधी मंडळीत आला नाही. आईला रविवारी आणून सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर मोहाच्या झाडाखाली विडी ओढत बसायचा. घरात सुकरीबाई आणि त्याची पोरगी प्रार्थना करायच्या, हा नव्या धानाची पूजा करायचा. आजीनं नातीचं नाव बायबलातलं, रूथ ठेवलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "हाक माराले सोपं आहे."

एकदा वादळानं प्रार्थनाघराच्या छपराचे कवेलू उडाले. चैतू स्वतःच वर चढून ते नीट करायला लागला. पाळकबाबांना आनंदाचं भरतं आलं.

"चैतूभाऊ, प्रभू तुम्हाला बोलावतोय!"

"कोणी नाई बोलावलं जी! आयच्या डोक्यावर पाणी गळून राह्यलं होतं, म्हणून आलो."

*

मग गावाची बैठक झाली. येशूवाल्यांना मसणवटीत जागा नाही, असं ठरलं. ठरवणारा मासा पाटील, सुकरीबाईचा सख्खा दीर. तेव्हा ती खाटेला लागलेली. पाटील आपणहून आला, खाटेजवळ बसला.

"वैनी, एकदा म्हण, सोडलं म्हणून. पुढचं मी पाह्यतो."

तो रडत होता. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्याला राक्षस म्हणत नाही.

सुकरीबाईनं त्याचा हात धरला. "मासा, मरताना खोटं बोलाले लावू नोको रे. तुझ्या दादाले तोंड कसं दाखवू?"

*

ती गेली ऐन पुरात. रस्ता बंद, पाळकबाबा नदीपलीकडे अडकलेले. खाट उचलून आम्ही निघालो, तर मसणवटीच्या वाटेवर गाव आडवं उभं. पुढे मासा पाटील. खाट खाली ठेवली. वरून पाऊस. रूथ आजीच्या तोंडावर छत्री धरून उभी. काय करावं कुणालाच सुचेना. आमच्यातला एक हळूच म्हणाला, जंगलात कुठेतरी देऊ माती.

चैतू पुढे झाला. खांद्यावर कुदळ.

"काका, बापाच्या बाजूची जागा कोणाची?"

"तुझी. तू कुळातला. तू थोडीच याइच्यात गेला?"

"माझी न? पक्की?"

"पक्की."

"मंग ते म्या आयले देल्ली. मी नाई येत तिथी."

"येडा झाला का बे? तू कुठी जाशीन मंग?"

चैतू मसणवटीकडे चालायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही. मासा पाटलानं वाकून वहिनीच्या खाटेचा एक पाय उचलला.

पूर ओसरल्यावर पहिल्या रविवारी चैतू आत आला आणि पोरीच्या शेजारी खाली बसला. माझा हात ढोलकावरच थांबला. पाळकबाबांनी वाचता वाचता पुस्तक मिटलं.

"चैतूभाऊ, विश्वास धरला का?"

"ते मले नाई समजत जी. पण आता तुमच्याइले जिथी माती भेटन, तिथीच मले."