केळदच्या खिंडीत रिक्षा कोणी ढकलली?

भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं… यातलं मी काहीही मानत नाही. भोरला शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. आमचे हे तर रोजच हसतात, आणि त्याच रागात हे लिहायला बसलेय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रिक्षातून देश फिरणाऱ्या कुणाचे तरी व्हिडिओ ह्यांनी मोबाईलवर पाहिले आणि डोक्यात घेतलं – आपणही रिक्षा भाड्याने घेऊन वेल्ह्याकडे फिरायचं! कापूरहोळच्या एकाची जुनी रिक्षा ठरवली. निघालो तिघंच – मी, हे आणि माझी धाकटी नणंद पल्लवी.

मी आठवडाभर मागे लागून सामान जमवलं होतं. रेसची केबल, क्लचची केबल, प्लग, पाने, पक्कड. वेल्ह्याच्या पुढे ना गॅरेज, ना मोबाईलला रेंज. ह्यांचं आपलं एकच, "अगं, पिकनिकला चाललोय, लढाईला नाही!"

मढे घाटाजवळ दुपारी चूल पेटवली आणि धुराने आग्या माश्या उठल्या. आम्हाला दोन-चार चावल्या, पण पल्लवीचा चेहरा, मान… बघता बघता ओठ सुजले. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिला मागच्या सीटवर आडवं केलं आणि वेल्ह्याच्या दवाखान्याकडे निघालो.

केळदच्या खिंडीचा चढ लागला आणि ह्यांच्या हातातली रेस एकदम सैल पडली. केबल तुटली.

"पिशवी काढा," मी म्हटलं.

हे उतरून मागे इंजिनाकडे गेले.

"अहो, सामानाची पिशवी!"

"ती… कापूरहोळलाच ठेवली. कोळशाची गोणी बसत नव्हती."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इंजिन नुसतं फुरफुरत होतं. पहिल्या गिअरमध्ये टाकून मी हँडल धरलं, हे मागून ढकलायला लागले. थोडं अंतर गेलो, मग चढ वाढला आणि रिक्षा मागे यायला लागली. मी ब्रेक दाबून बसले. मागे पल्लवीचा श्वास ऐकू येत होता, तुटक तुटक. त्या क्षणी मला ह्यांचं तोंडही बघायचं नव्हतं.

आणि मागून आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, खरखरीत, माझ्याहून संतापलेला.

"सामान काडून ठिवतोस व्हय रं? ती बाई घसा फोडून सांगत हुती न्हवं? हो बाजूला!"

मला वाटलं कोणी गुराखी धावून आला. मी ब्रेक सोडला. रिक्षा अशी सुटली, जणू मागून टेम्पोच ढकलतोय! थेट खिंडीच्या माथ्यावर पोचल्यावर ब्रेक मारला आणि वळून बघितलं.

रिक्षाच्या मागे कोणीच नव्हतं.

हे लांब खाली, रस्त्याच्या कडेला उभे होते. हात लोंबकळत. दोन्ही बाजूंना वणव्याने जळालेला उघडा डोंगर, लपायला एक झुडूप नाही.

धापा टाकत वर आल्यावर म्हणाले, "इंजिनने उचल घेतली."

पुढे सगळा उतार. वेल्ह्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत पल्लवीची सूज उतरली. गॅरेजवाल्याने केबलचे दोन तुकडे ओढून काढले आणि म्हणाला, "ताई, हिच्यावर खिंड चडनार न्हाई. कुनीतरी ढकलली आसंल."

तेव्हापासून आमच्या घरात वाद चाललाय. ह्यांचं म्हणणं – आवाज माझाच होता! "रागात माणसाचा आवाज बदलतो." म्हणजे मी ओरडले, मीच भ्रमात, आणि ज्याने पिशवी काढून ठेवली तो शहाणा. वर चारचौघांत ह्याचा विनोद करून सांगतात. आणि मीच ओरडले असते, तर स्वतःला 'ती बाई' कशाला म्हटलं असतं?

मीही कदाचित ऐकून घेतलं असतं. पण परवा पल्लवी घरी आली होती. चहा घेता घेता म्हणाली, "वहिनी, त्या मामांचे आभार मानायचे राहिले गं. दादाला किती झापलं त्यांनी! आणि दादा पण कसा… 'चुकलं मामा, चुकलं' म्हणत होता."

मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला एकदाही 'चुकलं' म्हटलेलं नाही. आणि 'मामा' तर मला नक्कीच म्हणणार नाहीत.

मग कोणाला म्हणाले? विचारलं की उठून बाहेर जातात.