नाकारलेले नऊ सुपरचार्जर

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, उल्हासनगरातल्या सुट्या भागांच्या एका दुकानात माझ्या थोरल्या साडूंनी आपल्या पिकअपसाठी पाहिलेला नववा सुपरचार्जर नाकारला. चालू केल्यावर तो आवाजच करत नाही, हे त्यांनी दिलेले कारण. त्या वेळी दुकानात आणखी चार माणसे होती. चौघांनीही कानांवर हात ठेवले होते.

बदलापूर ते उल्हासनगर या पट्ट्यात माझ्या साडूंइतका सतत रागावलेला माणूस दुसरा नाही. बदलापुरातल्या कात्रपमधल्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजवून थकलेला पाहुणा शेवटी आत आला, की ‘बेल वाजवायची पद्धत गेली वाटतं गावातून!’ असे त्याचे स्वागत होते. टीव्हीवर बातम्या देणारे हल्ली पुटपुटतात, याला ते मला जबाबदार धरतात, कारण मी वर्तमानपत्रात होतो. कुकरची शिट्टी वाजत नाही म्हणून त्यांनी कंपनीला सणसणीत पत्र लिहिले. कंपनीने नवी शिट्टी पाठवली. तीही वाजत नाही म्हणून दुसरे पत्र गेले. कोणी मोठ्याने बोलले तर मात्र ‘ओरडता कशाला? बहिरा आहे का मी?’ असे ते ओरडतात. अंबरनाथच्या कानाच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी तपासून, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणे बंद झाल्याचे सांगितले होते. साडूंनी डॉक्टरांना, तुमचे तपासणीचे यंत्र बिघडले आहे, असे सांगितले आणि ते दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली.

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे काढली. सांडपाण्याच्या टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर त्यांच्या ताब्यात होते. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ते यंत्राचे दुखणे सांगत, आणि चार दिवसांत ते खरे ठरे. शेजारच्या कारखान्यांतून इंजिनिअर त्यांना न्यायला येत. कानात घालायचे बोळे कारखान्याने दिले होते. ते लॉकरमधून कधी बाहेर आले नाहीत. ‘बोळे घातले तर यंत्र काय बोलतंय ते कळणार कसं, कपाळ?’ असे त्यांनी सेफ्टी ऑफिसरला सुनावले होते.

कारखान्याचे शेठ परदेशी निघाले तेव्हा त्यांची आठ सिलिंडरची, बाहेरून मागवलेली पेट्रोल पिकअप साडूंनी घेतली. आयुष्यात स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली ही त्यांची एकमेव मोठी वस्तू. तिच्या मूळ ताकदीपैकी निम्मीसुद्धा बदलापुरात कधी लागली नाही, तरी तिला सुपरचार्जर हवाच, असे ठरले. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, त्यांच्या ब्लोअरचेच धाकटे भावंड. दुकानदार, साडूंच्याच वयाचे एक सिंधी गृहस्थ, यांनी आधी, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबणारा टर्बो सुचवला. ‘टर्बो धुराच्या उष्ट्यावर फिरतो,’ साडू म्हणाले. ‘माझ्या गाडीला उष्टं चालत नाही.’ मग दुकानदाराने गोगलगाईच्या आकाराचा सुपरचार्जर पुढे केला. इंजिन जोरात फिरू लागले की हा जास्त हवा देतो. ‘जोरात? कुठं जोरात? शिरगावला पोचेपर्यंत चौदा गतिरोधक लागतात, मोजलेत मी!’ ‘साईं, गुस्सा मत करो, चाय घ्या,’ दुकानदार म्हणाले. चहा गार निघाला. त्यावर आणखी पंधरा मिनिटे गेली.

शेवटी दोन रोटर, म्हणजे पीळ दिलेल्या पात्यांचे दांडे, एकमेकांत फिरणारा, गाडी हळू असतानाही हवा देणारा प्रकार ठरला. निवड बरोबर होती, हे दुकानदारही मान्य करतात. पण माल वापरलेला होता. बेअरिंग खराब असेल तर रोटर घासतात, धातूचा चुरा सरळ आत जातो आणि इंजिन संपते. म्हणून दुकानदार प्रत्येक नग मोटरला जोडून फिरवत, साडू स्क्रूड्रायव्हर कानाला लावत, आणि नग परत जाई.

‘मोटर चालू केली का?’ नवव्याच्या वेळी त्यांनी विचारले.

‘कब की! पूरी गली सुन रही है, साईं.’

‘मग मला का नाही येत ऐकू? मुका माल आणलाय तुम्ही. मुका!’

पुढच्या रविवारी दहावा नग आला. त्या दिवशी अक्का, म्हणजे साडूंच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, सोबत होत्या. साडूंनी बराच वेळ ऐकले. मग कोणाकडेही न पाहता त्यांनी स्क्रूड्रायव्हर अक्कांपुढे धरला.

‘ऐक आणि सांग.’

‘अहो, मला काय कळतंय त्यातलं?’

‘कळायचं मी बघतो. तुला ऐकू येतंय ना? मग सांग.’

अक्का वाकल्या. ‘भातात खडा लागल्यासारखं कचकचतंय.’

‘सारखं, का थांबून थांबून?’

‘थांबून थांबून.’

‘बेअरिंग!’ साडू दुकानदारांवर कडाडले. ‘आमच्या घरी तांदूळ निवडून घेतात, शेठ!’

अकराव्या नगावर अक्का बराच वेळ वाकून होत्या. ‘नुसतं घूंऽऽ होतंय. एका सुरात.’

‘खरखर?’

‘नाही.’

‘परत ऐक.’

‘नाही हो.’

साडूंनी मोटरकडे पाहिले. ‘चांगला असला की असाच वाजतो तो,’ ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटले.

अकरावा सुपरचार्जर जूनमध्ये गाडीला बसला. बदललेल्या इंजिनाची गाडी रस्त्यावर आणण्याची आरटीओची परवानगी अद्याप मिळालेली नाही. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दहा मिनिटे जागेवर चालू असते. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन सभासदांनी याबद्दल लेखी तक्रार दिली आहे. ‘एकसारखा, अखंड, मध्ये कुठेही न तुटणारा आवाज’ असे तक्रारीत म्हटले आहे. साडूंनी ती उभ्यानेच दोनदा वाचली आणि घडी घालून गाडीच्या पुढच्या कप्प्यात, गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवली.