एका ब्रेकवर एकावन्न वर्षं

पदनाम: लिफ्ट तपासनीस. वय: एकावन्न. शेरा: कर्तव्यकठोर, निर्भय.

एक ब्रेक जरी नादुरुस्त सापडला, तरी ते लिफ्टला टाळं ठोकत. सातव्या मजल्यावरचे कितीही हातापाया पडोत. आई आणि मावशी कॅन्सरने गेल्या, म्हणून बहिणीने त्यांना जनुकाची चाचणी करायला लावली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. तुमची एक जन्मापासूनच बिघडलेली आहे. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, तर तिथे कॅन्सर होऊ शकतो."

"म्हणजे मी एका ब्रेकवर चालतोय?"

"हो. दर सहा महिन्यांनी तपासणीला या."

"तारीख चुकव तर खरं, दादा," शेजारी बसलेली बहीण म्हणाली, "तुलाच टाळं ठोकते!"

पहिल्या तपासणीला तिने त्यांना हाताला धरून नेलं.