औषधातलं पाणी

राहुरीजवळच्या आमच्या गावात मी दूध संकलन केंद्रावर काम करते. आलेल्या प्रत्येक किटलीत लॅक्टोमीटर सोडायचा, फॅट बघायची, डिग्री बघायची. 'पानी न्हाई हो ताई, गाईनंच पातळ दिलं,' असं सांगणारे रोज भेटतात. मी कुणाचंच खरं मानत नाही. घरी आल्यावरही नजर तशीच राहते, आणि नवरा त्यावरून मला चिडवतो.

माझी चार वर्षांची लेक सर्दी-तापातून उठली आणि तिचा डावा कान वाहायला लागला. उशीवर पिवळा डाग दिसला तशी मी तिला उचलून राहुरीला नेलं. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय. अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ द्या, मधेच सोडू नका. दुर्लक्ष झालं तर या कानाने कमी ऐकू येईल. येताना एसटीत मी तिच्याशी सारखी बोलत राहिले. मला काही सुचतच नव्हतं.

पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून औषध मीच तयार केलं. सकाळी मी पाजायचे. संध्याकाळी मी केंद्रावर, म्हणून सासूबाई पाजायच्या. पण कान वाहायचा काही थांबेना. आणि बाटलीतलं औषध काही कमी होईना.

पहिला संशय सासूबाईंवर. 'संध्याकाळचं देता ना, आत्याबाई?'

'देती की! इचार तुझ्या लेकीला.'

लेकीला विचारलं तर तीही हो म्हणाली. मग औषध उरतंय कसं? दुसऱ्या सकाळी चमच्यात ओतताना ते भसकन आलं. रंगही फिका. दुधात पाणी घातलेलं मला नुसतं बघून कळतं, इथे तर चमचा हातात होता. मेडिकलवाल्याने डुप्लिकेट माल दिला असेल, असं वाटून गेलं. पण पहिले काही दिवस तर औषध चांगलं दाट होतं. म्हणजे करणारं माणूस घरातलंच. नवऱ्याला कपाट आणि फ्रीज यातला फरक कळत नाही. राहिली जाऊ. तिचा दीड वर्षाचा मुलगा, माझी लेक, दोघांवरून आमची धुसफूस नवी नव्हती. मी तिच्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं.

एके संध्याकाळी केंद्रावरची लाइट गेली, म्हणून काम दुसऱ्या बाईवर टाकून मी लवकर घरी आले. जाऊ गोठ्यात धार काढत होती. आत सासूबाईंनी दोन्ही नातवंडं समोर बसवली होती. एक चमचा माझ्या लेकीला, एक चमचा जावेच्या पोराला. मग हंड्यातलं पाणी बाटलीत खुणेपर्यंत घातलं, हलवली आणि झाकण लावलं.

'हे काय करताय?' मी ओरडलेच.

त्या दचकल्या नाहीत. 'त्याचंबी नाक वाहतंय. एका घरातली दोन पोरं, एकाला द्यायचं अन् दुसऱ्यानं बघत बसायचं? या घरात खाऊसुदिक वाटून देती मी.'

'अहो, औषध काय खाऊ आहे? हिचं कमी पडलं ना!'

'कमी कुठं पडलं? पानी घातलं की. पाव्हनं वाढलं तर आमटीत घालतोच ना?'

मला रडू आलं आणि रागही आला. जाऊ निर्दोष ठरली, याचाही फार आनंद झाला असं नाही.

डॉक्टरांनी मलाच झापलं. मग दुसरं औषध लिहून दिलं. जावेच्या पोराला याची गरजच नाही, साधी सर्दी आहे, असंही सांगितलं. नवी बाटली मी पिशवीतून केंद्रावर न्यायला लागले, आणि लेकीलाही. सासूबाई दारातून बघत राहायच्या.

कान सुकला. पण ऐकू येतंय का? मी पाठीमागून हळूच हाक मारायचे. ती वळली तरी खात्री पटायची नाही. सावली दिसली असेल, उजव्या कानाने ऐकलं असेल.

एकदा मी चुलीपुढे भाकरी टाकत होते. नवरा शेजारी बसला होता. मी अगदी हळू म्हणाले, 'तुमच्या आईच्या हातात आता पाण्याचा तांब्यासुद्धा द्यायची भीती वाटते.'

बाहेरच्या खोलीतून लेकीचा आवाज आला. 'आजी, आई म्हनती, तुला पान्याचा तांब्याबी द्यायची भीती वाटती!'

नवऱ्याने कपाळावर हात मारला. मी भांडणाची तयारी करून बसले. सासूबाई लेकीला कडेवर घेऊन दारात आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

'अगं, आलं ना ऐकू! माझ्या मांडीवर निजली हुती. चांगला कान खाली दाबला हुता मी, मुद्दाम. रोज असंच बघत हुते.'

तव्यावरची भाकरी करपत होती आणि मला ती उलटायचं सुचेना.