उंबऱ्यावरची तपासणी

"बोट काडा आदी! तवर उंबरा वलांडायचा न्हाई!"

काकूंची ही आरोळी सांगलीत उठली की मिरजेच्या स्टेशनात गार्डानं शिट्टी न मारताच गाडी सुटत असावी. उंबऱ्याबाहेर त्यांचे यजमान, आमचे शेजारी तात्या, गुळाचे अडते, पाकीटमारासारखे हात पुढं करून उभे.

खरं तर तात्याच जन्माचे संशयी. सौद्यात कुणी ढेपेला "एक नंबर माल" म्हटलं की म्हणायचे, "ते तू नगं, माजं बोट सांगंल." मग ढेपेत बोट खुपसून चुरडून बघायचे. लेकीसाठी पोरगा बघायला गेले, तर त्याचाही दंड दाबून पाहिला. तो बिचारा लग्नात एका हातानंच हार घालत होता.

पुढं तात्यांना मधुमेह निघाला. पुण्याच्या मुलानं साखर मोजायचं यंत्र पाठवलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर ठेवायचा, की आकडा हजर! ते बघायला मारुतीच्या देवळापेक्षा जास्त गर्दी लोटली. तात्यांनी गूळ चाखणं सोडलं, "आता निस्तं दाबायचं," म्हणाले. तरी आकडा रोज तीनशेच्या वर.

"यंत्र कशाला खोटं बोलंल?" काकू.

"मग मी बोलतो व्हय गं?"

तात्या चूळ भरून पुरावा बुजवतील, म्हणून काकू त्यांना हातपाय धुवायच्या आधीच दारात गाठायच्या. आकडे ऐकून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

एका दुपारी भर सौद्यात तात्यांना दरदरून घाम फुटला आणि ते ढेपांवरच आडवे झाले. मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मागोमाग काकू यंत्र घेऊन आल्या. बेशुद्ध नवऱ्याला टोचून ओरडल्या, "साडेतीनशे! आजबी खाल्लाच!"

डॉक्टरांनी दंडातून रक्त घेतलं. साखर अवघी चाळीस! त्यांनी तात्यांचं बोट हुंगलं आणि कडाडले, "अहो, बोटाला गूळ आहे! यंत्र तो मोजतंय. इकडे साखर संपून माणूस चाललाय!"

शिरेतून साखर सोडली. काकूंचा आवाज तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बसला. बऱ्याच वेळानं तात्यांनी डोळे उघडले आणि सलाइनच्या बाटलीकडे संशयानं बघितलं.

काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "चुकलं माजं. आता जल्मात तुमच्यावर संशय घ्याची न्हाई."

"घेत जा," तात्या म्हणाले. "परवा वाईच खाल्ला हुता."